सीमाची पिवळी नळी

सीमाचा मला राग यायचा आणि तो उगाच नव्हता. परळच्या आमच्या संस्थेत आम्ही दोघी एकाच कामावर होतो, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना. तिला ते काम जमायचं, मला जमायचं नाही. जमलं की ती शीळ घालायची. मी गिरगावातल्या वाडीत वाढलेली. आमच्याकडे मुलीनं शीळ घातली की समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी बंद व्हायची. तोंडावर काही बोलता यायचं नाही, म्हणून मी नळ जोरात सोडायचे.

काम सांगायला सोपं आहे. ज्यांना आपणहून लघवी होत नाही त्यांना एक मऊ नळी घालून ठेवतात, कॅथेटर. ती आत राहिली की तिच्यावर जंतू घर करतात आणि माणूस तापानं फणफणतो. जंतूंना चांदी सोसत नाही, म्हणून आम्ही त्या नळीवर चांदीचे थर चढवत होतो. मिठाईवरचा वर्ख डोळ्यांसमोर आणू नका. ही चांदी म्हणजे इतके बारीक कण की पाण्यात असले तरी दिसत नाहीत, पाणी तेवढं पिवळं दिसतं. नळी आधी एका पॉलिमरच्या पाण्यात बुडवायची. त्याच्यावर असतो धन भार. मग धुवायची आणि चांदीच्या पाण्यात बुडवायची. कणांवर ऋण भार. दोघं एकमेकांना धरतात, झाला एक थर. पुन्हा धुवायची, पुन्हा पॉलिमर, पुन्हा चांदी. असे कितीही थर चढवले तरी सगळ्यांची मिळून जाडी केसापुढे काहीच नसते. डोळ्यांना कळतो तो फक्त रंग, आधी लिंबाच्या सरबतासारखा फिकट, पुढे पुढे मधासारखा.

अडचण एकच होती. नळी सिलिकॉनची, आणि सिलिकॉनवर पाणी ठरत नाही. अळवाच्या पानावरून घरंगळतं तसं घरंगळतं. पहिलाच थर नीट बसला नाही तर वरचे कशावर बसणार? माझ्या नळ्या चट्ट्यापट्ट्यांच्या निघायच्या, कुठे पिवळ्या, कुठे कोऱ्या. सीमाच्या मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या. बशीत वाढवलेल्या जंतूंवर तिच्या नळीचा तुकडा ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याच्या आसपास जंतू औषधालाही सापडायचे नाहीत. कसं करतेस गं, म्हणून विचारलं तर म्हणायची, "काय नाय यार, नळी आधी नीट धुवायची." माझं डोकंच फिरायचं. मी काय न धुता बुडवत होते?

धुण्याची आमची रीत ठरलेली होती. अल्कोहोल, मग शुद्ध पाणी, मग प्लाझ्माचं एक यंत्र आहे त्यात थोडा वेळ ठेवायची, म्हणजे सिलिकॉन पाण्याला जवळ करतं. त्या यंत्रासमोर अख्ख्या मजल्याची रांग. सीमा कधी रांगेत दिसली नाही. ती सगळ्यांच्या आधी यायची. मी बसमधून उतरून घाम पुसत वर पोचेपर्यंत तिच्या नळ्या धुऊन वाळत टांगलेल्या असायच्या. मला वाटायचं, हिनं सकाळीच येऊन यंत्राचं काम उरकलं. आमचे गाइड अभय सर तिचं उदाहरण मला द्यायचे आणि लवकर उठत जा म्हणायचे.

ती लालबागची, घरी मालवणी बोलणारी. बुटकी, भरभर चालणारी, केस कायम पेन्सिलीनं वर खोचलेले. वडील कुशाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी गेल्यावर शिवडीच्या एका गोदामावर राखणदार झाले. आई शेवंती घरोघरचे मसाले करून द्यायची. घरात एम.एस्सी. झालेली ही पहिली आणि आता पीएच.डी.ला लागलेली. तिला उशीर सोसायचा नाही. लिफ्टची वाट पाहायची नाही, डबा उभ्याउभ्या खायची. कुणी लग्नाचं विचारलं तर "तुमच्या बघण्यात आहे का कोण? नाय ना? मग चला," म्हणून वाटेला लावायची. सरांशीसुद्धा वाद घालायची. तिचं हे मला आवडायचं. ती नसताना प्रयोगशाळा अगदीच मिळमिळीत वाटायची.

तिला एवढी घाई कसली होती ते मला गेल्या दिवाळीत कळलं. कुशाबांना प्रोस्टेटचा त्रास आणि हृदय इतकं कमजोर की भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. ऑपरेशन नाही म्हणजे नळी कायमची, आणि नळी कायमची म्हणजे तापही कायमचा. औषधानं उतरायचा, पुन्हा चढायचा. त्या दिवाळीत जंतू रक्तात गेले. मी फराळाचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेले तेव्हा सीमा कॉटजवळ उभी होती आणि कुशाबा तिच्याकडेच बघून, पण तिला नर्स समजून, आपल्या मुलीबद्दल विचारत होते, "सिस्टर, माजा चेडू इला काय?"

"येता हा," सीमा म्हणाली. "वाटेर असा."

बाहेर जिन्यात आल्यावर ती भिंतीला टेकली. "डॉक्टर म्हणतात, असा ताप अजून एकदा आला तर काय सांगता येत नाय." मग डोळे पुसून माझ्यावरच खेकसली, "तुझ्या नळ्या कधी नीट होणारेत? दोघींच्या सारख्या आल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार आपल्यावर?"

यंदाच्या उन्हाळ्यात सगळं जुळून आलं. माझ्या नळ्या तशाच राहिल्या, पण सीमाच्या इतक्या चांगल्या होत्या की एका हॉस्पिटलानं विचार करायची तयारी दाखवली. त्यांची समिती बसणार होती आणि पहिल्या काही पेशंटांना ही नळी घालायची की नाही ते ठरवणार होती. त्यांना एका गोष्टीची खात्री हवी होती. नळी अंगात असताना थर जागेवर राहतात ना? साध्या पाण्यात राहतात हे सीमानं दाखवलं होतं. आता अंगाच्या उबेइतक्या कोमट, खारट पाण्यात ठेवून बघायचं होतं. सरांनी ते काम मला दिलं. जिनं बनवली तिनंच तपासायची नाही, असा त्यांचा नियम आहे आणि तो मला पटतो.

सीमानं नळ्या माझ्या हवाली केल्या त्या हसत. "टाइमपास आहे. काय नाय व्हायचं." ती त्या दिवसांत फार खुशीत होती. "बाबा भात मागून खातात आता," असं तिनं मला दोनदा सांगितलं. "तापाचं नाव नाय." मला बरं वाटलं. त्यांना उन्हाळा मानवला असेल, म्हटलं.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाटल्या बाहेर काढल्या. तुलनेला म्हणून माझ्याही नळीचे तुकडे ठेवले होते. ते जसेच्या तसे होते, चट्ट्यापट्ट्यांसकट. सीमाच्या पहिल्या बाटलीत पाणी राखाडी आणि गढूळ झालेलं. तळाशी गाळ. चिमट्यानं तुकडा वर काढला तर तो पांढरा. पाकिटातून आत्ता काढल्यासारखा पांढरा. माझ्या मनात पहिला विचार आला तो, बरी जिरली. विचार येतात, त्यांना कोण अडवणार? दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली, सगळ्या तशाच. तोवर मात्र माझी खुशी उतरली होती. उद्या समिती, आणि सरांनी तिकडे कॉम्प्युटरवर मधाळ नळ्यांचे फोटो लावून ठेवलेले.

मी सीमाला हाक मारली. ती आली, तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आता ही भांडणार, म्हणून मी कंबर कसून उभी होते. पाण्यात मीठ जास्त घातलंस, ऊब जास्त दिलीस, काहीतरी म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "किती दिवसांत?"

"आज उघडलं मी. पण गाळ बघ. पहिल्या आठवड्यातच सुटायला लागलं असणार."

तिनं बाटली टेबलावर ठेवली, अगदी हळू. मग कपाटाला पाठ लावून फरशीवर बसली. मला वाटलं, चक्कर आली.

"वैदेही," ती म्हणाली, "बाबांना घातलीय."

"काय घातलीय?"

"ही. पिवळी."

ती सांगत गेली, खाली बघून. एप्रिलमध्ये कुशाबांना पुन्हा हुडहुडी भरली. समिती कधी बसणार, परवानगी कधी मिळणार, तोवर माणूस राहतोय कुठे? तिनं स्वतःच्या हातची एक नळी निर्जंतुक करून पाकिटात बंद केली आणि घरी नेली. चाळीत खालच्या मजल्यावर दीपिका राहते, ती नर्स आहे आणि कुशाबांची नळी तीच बदलते. नळी पिवळी कशी, असं तिनं विचारलं. हॉस्पिटलनं नवीन दिली, असं सीमानं सांगितलं. दीपिकानं घातली. तेव्हापासून ताप नाही.

"पण मग थर सुटतात का?" मी विचारलं. खरं तर ओरडलेच. "माझे नाही सुटले. बघ ना, माझे घाणेरडे आहेत पण आहेत तिथे आहेत. तू वेगळं काय करतेस?"

"धुते."

"कशानं धुतेस?"

"रिठ्यानं."

मग तिनं तेही सांगितलं. चाळीत कुणाचं लग्न निघालं की दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायला शेवंतीकडे येतात. सुरुवातीला सीमाच्याही नळ्या चट्ट्यांच्याच निघत होत्या, यंत्राचा नंबर लागत नव्हता आणि तिला वाट बघणं जमत नाही. घरी चिडचिड केली तेव्हा आई म्हणाली, रिठ्यानं धू. साबण ऱ्हवता, रिठो निघान जाता. लालबागच्या मसाला गल्लीत रिठे मिळतातच. तिनं भिजवून, कुस्करून, गाळून नळ्या त्यात घोळवल्या आणि नळीवर पाणी ठरायला लागलं. लहानपणापासून ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं, सोनं कसं लखलखतं ते. रिठा निघून जातो की नाही हे तपासावं असं तिच्या मनातच आलं नाही. आपण सूर्य उगवतो का ते तपासतो का?

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? पीएच.डी.वाली पोरगी आईचा रिठा घेऊन येते? तू पहिली हसली असतीस."

हसले असते, नक्कीच. पण त्या वेळी हसू कुठून येणार? रिठा निघून गेलेला नव्हता. त्याचा पातळ पापुद्रा नळीवर राहत होता आणि आमचे सगळे थर त्या पापुद्र्याला धरून होते, नळीला नाही. गार शुद्ध पाण्यात तो टिकला. अंगाच्या उबेत, खारट पाण्यात सुटला आणि वरचा सगळा मजला घेऊन खाली आला. बशीतले जंतू इतके छान मरत होते तेही त्याचमुळे. चांदी सुटून त्यांच्या अंगावर जात होती. मला चांदीपेक्षा भीती वाटली ती पॉलिमरची. तो ऋण भाराला चिकटतो, आणि माणसाच्या पेशींच्या अंगावरही ऋण भारच असतो. मूत्राशयाच्या आतल्या नाजूक अस्तराचं त्यानं काय केलं असेल? किडनीचं? कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर ही नळी कुठल्याच माणसात घातलेली नव्हती. एक माणूस सोडून.

"ऊठ," मी म्हटलं. "आधी ती नळी बाहेर काढायची."

सीमा दीपिकाला फोन लावत होती, ती उचलत नव्हती. नळी आपण ओढून काढता येत नाही. आत तिच्या टोकाला फुगा असतो, तो रिकामा करावा लागतो. आम्ही ॲप्रन तसेच टाकले आणि खाली धावलो. टॅक्सी मिळाली, पण लालबागच्या पुलाखाली अडकली. मे महिना, मसाल्याचा सीझन. मिरच्यांची पोती उतरवायला टेम्पो आडवे लावलेले, मसाला कुटणाऱ्या डंखांचा धडधडाट, सगळी गल्ली शिंकत होती. टॅक्सीवाल्यानं हात वर केले. आम्ही उतरून चालायला लागलो, मग पळायला लागलो. तोंडावर ओढणी धरली तरी घसा जळत होता. सीमा फोन कानाला लावूनच पळत होती. कुणाला तरी धक्का लागला, त्यानं शिवी घातली, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. चाळीच्या जिन्यात फोन लागला. दीपिका म्हणाली, ड्यूटी सुटतेय, येतेच.

कुशाबा गॅलरीत खुर्ची टाकून मिरच्यांची देठं काढत बसले होते. मी त्यांना दिवाळीत पाहिलं होतं, त्यानंतर आताच. माणूस ओळखू येईना. गाल भरलेले, दाढी केलेली, शेजारच्या बाईची थट्टा चाललेली. मला बघून म्हणाले, "ये गो बाय. च्या घेतलंस?"

सीमा त्यांच्या पायाशी बसली. लघवीची पिशवी खुर्चीच्या पायाला टांगलेली होती, ती तिनं उजेडात धरली. लघवीला लालसर झाक होती.

"आये, ह्या कधीपास्ना?"

शेवंती आतून पदराला हात पुसत आली. "काल सकाळपास्ना. उन्हाळी लागली आसतली. धण्याजिऱ्याचा पाणी देतंय मी." मग सीमाचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "कित्याक? काय झाला?"

"नळी बदलूची लागतली."

कुशाबांनी मिरची ताटात टाकली. "ही नाय बदलूची. ही बरी असा. ताप नाय, थंडी नाय, भूक लागता माका. तूच घराक हाडलंस ना? मगे आता कित्याक काढतंस?"

"बाबा, रक्त जाताहा."

"जावंदे. तापापेक्षा बरा."

तिनं समजावलं, मग रागावली, मग हात जोडले. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मला मध्ये पडावंसं वाटत होतं, पण काय बोलणार? त्यांचं खरंच होतं की. त्यांना कधी नव्हे ते बरं वाटत होतं, आणि ज्या वस्तूमुळे बरं वाटत होतं तीच आम्ही काढून घ्यायला आलो होतो. शेवंती दारात उभी राहून एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलीकडे बघत होती.

दीपिका आली ती युनिफॉर्ममध्येच. सीमानं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, एका दमात. दीपिकाचा चेहरा मी विसरणार नाही. "माझ्या हातानं घालून घेतलंस," ती म्हणाली. "खोटं सांगून, माझ्या हातानं." मग तिनं हात धुतले, हातमोजे चढवले, कुशाबांना म्हणाली, "काका, आत चला, आडवे व्हा." तिच्या आवाजात असं काही होतं की ते मुकाट्यानं उठले.

पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघी उभ्या. आतून कुशाबांचं कण्हणं ऐकू आलं, एकदा, मग मोठ्यानं. सीमानं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मग दीपिकानं पडदा सारला. हातातल्या ट्रेमध्ये नळी होती. टोकाला रक्ताचा धागा, बाकी सगळी पांढरी.

"ही ती नाही," दीपिका म्हणाली. "मी घातलेली ती पिवळी होती."

"हीच ती," सीमा म्हणाली.

म्हणजे सगळं आत उतरलं होतं. दीपिकानं साधी नळी घातली होती. पिशवीत अजून लालसर थेंब येत होते. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दाखवायचं. किडनीचं रक्त तपासायला हवं. मी टॅक्सी बघते." दारात थांबून ती वळली. "आणि डॉक्टरांना काय काय अंगात गेलंय ते सगळं सांगायचं. नाही सांगितलंस तर तेही उन्हाळी समजून औषध देतील. माझं काय व्हायचं ते होईल." ती जिना उतरून गेली.

डॉक्टरांना सांगणं म्हणजे उघड होणं. संस्थेतून परवानगीशिवाय नळी नेली, माणसात घातली, नर्सला फसवलं. यातली एक गोष्टही पुरे होती. तिची पीएच.डी. गेली, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट उद्या होती. सरांना आज कळलं नाही तर समितीसमोर त्या नळ्या जाणार, आणि समितीनं हो म्हटलं तर आणखी कितीतरी कुशाबांच्या अंगात.

कुशाबा पलंगावर पडून होते, चेहरा घामेजलेला. सीमा त्यांच्या उशाशी बसून पंच्यानं वारा घालत होती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"ती पिवळी परत कधी घालतलंस?"

"बाबा, ती मी न इचारता हाडलेली. चोरून."

गोदामावर इतकी वर्षं राखण केलेला माणूस; आता रागावतील, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "मगे आता साहेबांका इचार. नीट इचारलंस तर नाय कित्याक म्हणतले?"

सीमानं फोन उचलला. मी म्हटलं, बाहेर जाऊन बोल. ती हलली नाही. तिथेच, त्यांचा हात हातात धरून, तिनं सरांना सगळं सांगितलं. रिठा सांगितला, बाटल्या सांगितल्या, बाबांना नळी घातली ते, दीपिकाशी बोललेलं खोटं, पिशवीतलं रक्त. "उद्याची मीटिंग रद्द करा सर. माझ्या एकाही नळीवर विश्वास ठेवू नका." पलीकडून सरांचा आवाज आला, पण शब्द कळेनात. सीमा म्हणाली, "आत्ता नेतोय हॉस्पिटलला." मग, "कपाटाची किल्ली वैदेहीकडे देते." मग तिनं फोन खाली ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती रडत नव्हती. मी रडत होते.

तिचं बोलणं चाललेलं असताना कुशाबांनी नजर तिच्या तोंडावरून हलवली नव्हती. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, त्यांना किती कळलं देव जाणे. मुलगी आपल्यासाठी साहेबांकडे काहीतरी मागतेय, एवढं त्यांना कळलं होतं.

"काय म्हणले?" त्यांनी विचारलं. "दितले?"

"नाय, बाबा."

"कित्याक नाय?" ते उशीवरून उठायला बघत होते. "तुका येता ना ती करूक? तुज्यासारकी कोणाक येणा नाय म्हणा होतंस."

खालून दीपिकानं टॅक्सी आल्याची हाक दिली. सीमानं पंचा बाजूला ठेवला आणि त्यांच्या पाठीखाली हात घातला.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "माका पण अजून येवक नाय."